चड्डी रोज खराब, तरी पोट साफ नाही

आई सांगते, "डॉक्टर, चार दिवस झाले, जुलाब थांबतच नाहीत. दिवसाला पाच-सहा चड्ड्या होतात." शेजारी बसलेली आजी म्हणते, "कसले जुलाब? आठवडा झाला, त्याला नीट शी झालेली नाही." दोघी एकाच मुलाबद्दल बोलत असतात आणि दोघींचंही खरं असतं. वाचकांकडून येणारे प्रश्नही याच गोंधळातून येतात. औषध शी होण्याचं द्यायचं की जुलाब थांबवायचं? पाच वर्षांचा घोडा झालाय, मुद्दाम करतो का? रागवावं की नको? या लेखात क्रमाने काय करायचं तेवढंच सांगतो.

गळतंय ते जुलाब नाहीत

शीतलं पाणी शोषून घेणं हे मोठ्या आतड्याचं काम. शी जितकी जास्त वेळ आत राहील तितकी ती कोरडी, कडक आणि जाड होत जाते. अशी शी होताना एकदा दुखलं, गुदद्वाराला चीर पडली, की तीन वर्षांचं मूल साधा हिशेब करतं: शी केली की दुखतं, तर करायचीच नाही. ते धरून ठेवतं. धरल्यामुळे ती आणखी कडक होते आणि पुढच्या वेळी आणखी दुखतं.

असं काही महिने चाललं की गुदाशय, म्हणजे शी साठण्याची शेवटची पिशवी, ताणून सैल पडतो. भरल्याची जाणीवच होईनाशी होते. आत खडा बसलेला असतो आणि वरून येणारी पातळ शी त्याच्या कडेने वाट काढत चड्डीत उतरते. मोरीत बोळा अडकला तरी कडेने पाणी झिरपतच राहतं ना, तसंच हे. म्हणून "तुला कळत कसं नाही?" या प्रश्नाचं उत्तर असं आहे की त्याला खरोखर कळत नाही. वाससुद्धा येत नाही, कारण सतत नाकाशी असलेला वास नाक थोड्या वेळाने मोजायचं सोडून देतं.

घरच्यांची दुसरी फसगत होते ती मुलाच्या उभं राहण्याच्या पद्धतीवरून. माझ्या तपासणीच्या खोलीत एकदा चार वर्षांचा मुलगा खेळता खेळता गप्प झाला. खुर्चीमागे गेला, चवड्यांवर उभा राहिला, पायाची कात्री घट्ट आवळली आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. चेहरा लालबुंद. आजी हळहळली, "बघा, किती जोर करतो बिचारा, पण होतच नाही." जोर तो करत होता, पण शी आत ओढायला. मिनिटभराने कळ ओसरली आणि तो पुन्हा गाडी घेऊन जमिनीवर बसला. नंतर त्याला झोपवून मी आईचा हात त्याच्या पोटावर, बेंबीच्या खाली डावीकडे ठेवला. तिथे कणकेच्या गोळ्यासारखं काहीतरी लागत होतं. "हे काय?" तिने घाबरून विचारलं. "त्याची आठवड्याची शी," मी म्हटलं. त्या दिवसापासून त्या घरात रागावणं थांबलं.

तुमच्या मुलाला हेच आहे का?

चार वर्षांपर्यंतच्या मुलात खालीलपैकी दोन गोष्टी महिनाभर दिसत असतील, तर हा नेहमीचा मलावरोध समजून डॉक्टरांना दाखवा. मोठ्या मुलांनाही जवळपास हीच यादी लागू पडते.

- आठवड्यात दोनदा किंवा त्याहून कमी वेळा शी
- शी करताना दुखणं, रडणं, किंवा शेळीच्या लेंड्यांसारखी कडक शी
- वर सांगितल्यासारखं पाय आवळून धरून ठेवणं
- संडास तुंबेल इतकी जाड शी
- संडासला जायची सवय लागलेली असूनही आठवड्यात एकदा तरी चड्डी खराब होणं
- डॉक्टरांनी तपासल्यावर आत खडा लागणं

शी कशी होते हे शब्दांत सांगणं अवघड जातं. त्यासाठी 'ब्रिस्टल तक्ता' वापरतात. ब्रिस्टलच्या दोन डॉक्टरांनी १९९७ साली तो मांडला. त्यात शीचे सात प्रकार चित्रांनी दाखवलेले असतात. पहिला लेंड्यांचा, सातवा निव्वळ पाण्यासारखा. आपल्याला हवा तो चौथा, सोललेल्या पिकल्या केळ्यासारखा. मोबाइलवर फोटो काढून आणलात तरी डॉक्टर नाक मुरडणार नाहीत.

रोज शी होणाऱ्या मुलालाही खडा असू शकतो, बरं का. रोज जराशी लेंडी पडते आणि मागचा साठा तसाच राहतो.

या गोष्टी असतील तर थांबू नका

बहुतेक मुलांच्या या त्रासामागे दुसरा आजार नसतो, म्हणूनच एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या सरसकट लागत नाहीत. पण पुढचं काही दिसलं तर ते आधी सांगा:

- जन्मानंतर पहिली काळी शी व्हायला ४८ तासांहून अधिक वेळ लागला होता, किंवा त्रास पहिल्या महिन्यापासूनच आहे
- पोट फुगून टणक, हिरव्या उलट्या
- वजन वाढत नाही, उंची खुंटली
- पाय लुळे वाटतात, चालण्यात बदल झाला, किंवा पाठीच्या तळाशी खळगा वा केसांचा झुपका आहे
- चीर नसताना रक्त पडतं

लघवीकडेही लक्ष ठेवा. भरलेला गुदाशय मूत्राशयाला दाबतो. त्यामुळे अंथरूण ओलं होणं आणि लघवीचा जंतुसंसर्ग यांची मुळं कधी कधी याच खड्यात निघतात. आणखी एक, बोलायला जड पण गरजेचं. गुदद्वाराजवळ हात लावू देताना मूल विलक्षण घाबरत असेल किंवा त्याच्या वागण्यात एकाएकी बदल झाला असेल, तर कुणी त्याला त्रास देत नाही ना, हेही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

पहिली पायरी: साठलेलं बाहेर काढणं

पपई, मनुका, कोमट पाणी हे सगळं नंतर. आत खडा असताना नुसता चोथा वाढवला तर बोळ्यावर आणखी कचरा टाकल्यासारखं होतं.

एक वर्षावरच्या मुलांना आज पहिल्यांदा दिलं जाणारं औषध म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल, दवाखान्यातल्या बोलीत 'पेग'. ही पावडर पाण्यात विरघळवून प्यायची. ती अंगात जवळजवळ शोषली जात नाही, पाणी धरून ठेवते आणि शी मऊ करते. खडा काढण्यासाठी साधारण वजनाच्या दर किलोला रोज १ ते १.५ ग्रॅम, ३ ते ६ दिवस, अशी मात्रा असते. म्हणजे १४ किलोच्या मुलाला दिवसाला १४ ते २१ ग्रॅम. नेमकी मात्रा तुमच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, कारण पुड्या वेगवेगळ्या वजनाच्या मिळतात आणि मोठ्यांची पुडी अर्धी करून देण्यात हमखास घोळ होतो. काही पुड्यांत क्षार असतात, त्यांची चव खारट लागते. गार लिंबू सरबतात ती बरीचशी लपते. वर्षाखालच्या बाळांना सहसा लॅक्ट्युलोज देतात. ते गोड असल्यामुळे बाळं आवडीने घेतात, पण त्याने पोटात वारा धरू शकतो.

एनिमाने खडा लवकर निघतो, हे खरं. पण तोंडाने घेतलेलं औषधही तितकंच काम करतं. आधीच खालच्या दुखण्याला घाबरलेल्या मुलाला चौघांनी धरून एनिमा द्यायचा प्रसंग टाळता आला तर टाळा.

या दिवसांत चड्डी आधीपेक्षा जास्त खराब होणार, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. दोन-तीन दिवसांची सुट्टी पाहून सुरुवात करा. इथेच सगळ्यात जास्त घरं चुकतात. तिसऱ्या दिवशी पातळ शी वाहू लागली, की "आता जुलाब लागले" म्हणून औषध बंद केलं जातं. खडा मात्र अजून आतच असतो. एखाद्याने मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणून दिली तर मग बघायलाच नको. गुठळ्या पडायच्या थांबून मातकट पाण्यासारखी शी येईपर्यंत हे चालू ठेवायचं असतं. कधी थांबायचं, ते डॉक्टरांना फोन करून ठरवा.

दुसरी पायरी: औषध चालू ठेवणं

खडा निघाला म्हणजे ताणलेली पिशवी लगेच पूर्वीसारखी होत नाही. सैल पडलेलं इलॅस्टिक पुन्हा आवळायला वेळ लागतो आणि तोवर रोजची शी मऊच राहिली पाहिजे. म्हणून पेगच कमी मात्रेत, बहुधा दर किलोला ०.४ ग्रॅमच्या आसपास सुरू करून, रोज द्यायचं. रोज एक-दोनदा, न दुखता, मऊ शी व्हावी असं पाहून मात्रा वर-खाली करतात.

किती दिवस? २०१४च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, किमान दोन महिने. त्यातही त्रास पूर्ण थांबल्यावर एक महिना जाऊ द्यायचा आणि मग हळूहळू मात्रा कमी करायची. हे किमान झालं. ज्या मुलाची वर्षभर चड्डी खराब होतेय, त्याला सहा महिने किंवा वर्षही लागतं. साधारण निम्मी मुलं सहा ते बारा महिन्यांत औषधातून बाहेर पडतात. बाकीच्यांना आणखी लागतं, आणि त्यात कुणाची चूक नसते.

"सवय लागेल ना हो?" हा प्रश्न मला आजवर न विचारलेलं घर आठवत नाही. पेग आणि लॅक्ट्युलोज यांनी आतडं आळशी होत नाही. आतडं दुबळं होतं ते महिनोन् महिने ताणलेलं राहिल्याने. पंधरा दिवस बरं वाटलं म्हणून औषध बंद, पुन्हा खडा, पुन्हा पंधरा दिवस औषध, अशी तीन-चार आवर्तनं झाली की मूलही कंटाळतं आणि "या औषधाचा उपयोग होत नाही" असा शिक्का बसतो.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारून घ्या, आणि उत्तरं कागदावर घ्या:

- रोजची मात्रा किती, किती पाण्यात?
- तीन दिवस शी झाली नाही तर मी मात्रा किती वाढवू?
- फार पातळ झाली तर किती कमी करू?
- पुन्हा कधी दाखवायचं?

तिसरी पायरी: बसायला शिकवणं

जेवल्यावर मोठं आतडं आपोआप हलू लागतं. त्याचा फायदा घ्या. नाश्ता किंवा जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत मुलाला पाच ते दहा मिनिटं बसवा, दिवसातून दोनदा. शाळेची रिक्षा सकाळी पावणेसातला दारात उभी असते, त्या घाईत कुणालाच शी होत नाही. अशा घरांनी सकाळचा हट्ट सोडावा. संध्याकाळच्या खाण्यानंतरचं आणि रात्रीच्या जेवणानंतरचं बसणं चांगलं चालतं.

भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं शीसाठी सोयीचं, पण मोठ्या भांड्यावर छोट्या मुलाला पडायची भीती वाटते. त्याला समोर धरायला काहीतरी द्या. कमोड असेल तर आतली छोटी कडी बसवा आणि पायाखाली घरातला लाकडी पाट ठेवा. पाय लोंबकळत असले तर जोर लागत नाही. गुडघे कमरेपेक्षा जरा वर हवेत. "कुंथ, कुंथ" म्हणण्याऐवजी त्याला फुगा किंवा पिपाणी फुंकायला द्या. पोटाला लागतो तेवढा जोर त्याने आपसूक लागतो. मोबाइल मात्र नको. तो हातात आला की मूल अर्धा तास बसतं आणि कशासाठी बसलोय हे विसरतं.

बक्षीस बसण्याचं द्या, शी झाल्याचं नाही. शी होणं त्याच्या हातात नसतं, बसणं असतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यालाच चांदणी चिकटवू द्या. त्याच चौकोनात तुम्ही पेन्सिलने शी कितव्या प्रकारची झाली, चड्डीला डाग होता का आणि औषध दिलं का, एवढं टिपून ठेवा. डॉक्टरांना हे पान दाखवलं की पाच मिनिटांचं बोलणं वाचतं.

काही मुलं फक्त डायपर लावल्यावर, कोपऱ्यात उभं राहून शी करतात. त्यांच्याशी भांडू नका, डायपर द्या. आधी डायपर लावून बाथरूममध्ये उभं राहू दे, मग डायपरसकट कडीवर बसू दे, मग डायपर सैल करा. घाई केलीत तर मूल पुन्हा शी धरायला लागेल.

खाणं-पिणं

दूध मोजा. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पिणाऱ्या मुलाच्या पोटात भाजी-भाकरीला जागाच उरत नाही. दूध-बिस्किटावर वाढणाऱ्या मुलांत हा त्रास फार दिसतो. बाटली अजून चालू असेल तर ती बंद करा. सगळे उपाय नीट करूनही फरक पडत नसेल तर डॉक्टर दोन ते चार आठवडे गाईचं-म्हशीचं दूध पूर्ण थांबवून पाहायला सांगू शकतात. ते आपल्या मनाने करू नका.

बाकी ज्वारी-नाचणीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी घातलेलं थालीपीठ, पेरू, पपई, भिजवलेल्या काळ्या मनुका, असं नेहमीचं घरचं खाणं पुरतं. नेहमीपेक्षा दुप्पट पाणी पाजून खडा निघत नाही. तहानेएवढं आणि शाळेतली बाटली रिकामी येईल एवढं पाणी पुरे.

घरगुती उपाय

भिजवलेल्या मनुका ठेवा, हरकत नाही. पण साबणाची कांडी किंवा तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ गुदद्वारात सरकवणं सोडा. त्याने जागा आणखी दुखावते आणि मुलाची भीती पक्की होते. दर रविवारी एरंडेल देऊन पोट साफ करण्याचंही तसंच. एका दिवशी पोटात मुरडा येऊन सगळं जातं आणि पुढचे सहा दिवस मूल पुन्हा धरून बसतं. इसबगोल लहान मुलांना देऊ नका, कमी पाण्याबरोबर गेलं तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. लिक्विड पॅराफिन असलेलं औषध झोपलेल्या, रडणाऱ्या किंवा उलट्या करणाऱ्या मुलाला पाजू नका, ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला इजा होते. वर्षाखालच्या बाळाला तर ते आणि मध दोन्ही नको. जंताची गोळी सरकारी मोहिमेत मिळते ती जरूर द्या, पण खड्याला तो इलाज नाही.

चड्डी खराब झाली की

न बोलता, कोमट पाण्याने धुवा, कोरडं करा, खोबरेल तेलाचं बोट लावा. बस्स. मोठ्या मुलाने स्वतःची चड्डी बादलीत टाकायला हरकत नाही, पण शिक्षा म्हणून ती त्याला धुवायला लावू नका. "छी", "घाणेरडा", "तुझी लहान बहीण बघ" हे शब्द घरातून काढून टाका. पाहुण्यांसमोर विषय नको. ओरडा खाल्लेलं मूल खराब चड्डी गादीखाली, कपाटामागे, दप्तरात लपवू लागतं. तशी सापडली तर ती घाबरल्याची खूण समजा.

शाळेत तुमचे हक्क

मूल शाळेतल्या संडासात जात नसेल तर आधी तो संडास स्वतः जाऊन पाहा. कडी लागते का, नळाला पाणी आहे का? २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी या शाळेच्या किमान गोष्टी धरल्या आहेत. याच कायद्याचं कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई करतं. चड्डी खराब झाली म्हणून वर्गासमोर उभं करणं, नाव ठेवणं हे त्यात येतं. सरकारी किंवा अनुदानित शाळेत ऐकलं गेलं नाही तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जा, तिथे पालक सदस्य असतात. हा कायदा ६ ते १४ वयाला लागू आहे. नर्सरी आणि बालवाडीत त्याचा थेट आधार मिळत नाही, तिथे गोडीगुलाबीने काम काढावं लागतं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीसह वर्गशिक्षिकांना लेखी द्या:

- हा आजार आहे, उपचार चालू आहेत, मूल मुद्दाम करत नाही
- विचारेल तेव्हा लगेच जाऊ द्यावं, "सुट्टीत जा" म्हणू नये
- दप्तरात जादा चड्डी, पँट आणि पिशवी आहे
- बदलायला कोण मदत करेल ते नाव आणि जागा आधी ठरवावी, वर्गात चर्चा करू नये

शिक्षिकांना भेटायला जाताना मुलाला बाहेर खेळू द्या, त्याच्यासमोर हे बोलू नका.

पुन्हा अडलं तर

अडणारच. ताप, परीक्षा, नवीन शाळा, धाकट्या भावंडाचा जन्म, उन्हाळा, यांपैकी काहीही पुरतं. तीन दिवस शी नाही किंवा बऱ्याच दिवसांनी चड्डीला डाग दिसला, की कागदावर लिहून घेतलेली वाढीव मात्रा त्याच दिवशी सुरू करा, आठवडा वाट पाहू नका. आणि गावाला, लग्नाला जाताना औषध, कमोडवरची कडी आणि दोन जादा चड्ड्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नाही.